दोन लवू पालव

आचरे, तालुका मालवण
१२ ऑक्टोबर १९५७

लवू यास लवूचा राम राम.

पाकिटावरचे नाव वाचून तुझ्या पोस्टमनने हे पत्र तुझे तूच लिहिलेस असे समजू नये म्हणून मागे आचरे असे मोठ्या अक्षरात घातले आहे. मी तुझा मालवणवाला. पलटणीत हवालदार 'पालव' म्हणून हाक मारायचा आणि आपण दोघे उभे राहायचो, मग तो चिडून 'कुडाळवाला बैठ जाव' म्हणायचा, ते तू विसरला नसशील.

मी पिंगुळीला यायला हवे होते. आचऱ्याहून पिंगुळी काही विलायत नव्हे. पुण्याच्या लष्करी इस्पितळातून मला घरी सोडले तेव्हाच तिथल्या कारकुनाला मी विचारले होते, 'पिंगुळीचा लवू पालव कुठे आहे?' त्याने कागद चाळून सांगितले, 'सुटला, घरी गेला.' ते ऐकून मी निर्धास्त झालो. पुढे पायाने दगा दिला. दोन वर्षे तर घराबाहेरच पडलो नाही. मग कुडाळच्या बाजारात जाऊन आलेला एकजण म्हणाला, तो लवू आता गावात नसतो, मुंबईला की आफ्रिकेला गेला. म्हणून राहून गेले. आता घरच्या पत्त्यावर लिहितो, घरची माणसे तुझ्यापर्यंत पोचवतील.

कारण असे. माझ्या डाव्या पायात हाडाजवळ लोखंडाचा तुकडा राहिला आहे. गेल्या पावसाळ्यापासून पाय सुजतो, पू येतो. मालवणचे डॉक्टर म्हणतात, पुण्याच्या इस्पितळात जा, तुम्ही माजी शिपाई, तुमचा हक्क आहे; उशीर केलात तर पाय कापावा लागेल. म्हणून सुटकेच्या वेळी मिळालेले पुस्तक घेऊन रत्नागिरीला सैनिकांच्या कचेरीत गेलो. तिथे हरिश्चंद्र राणे म्हणून निवृत्त जमादार बसतात. त्यांनी विचारले,

'बापाचे नाव?'

'बाबली.'

'गाव?'

'आचरे.'

ते म्हणाले, 'मग हे पुस्तक तुमचे नव्हे. यात बाप परशुराम आणि गाव पिंगुळी आहे.'

पुस्तक सगळे इंग्रजीत. इतकी वर्षे पेटीत होते, आणि मला फक्त वरचे नाव वाचता येत होते. ते तर माझेच आहे. मी हसलो. राणे हसले नाहीत. त्यांनी यादी काढून पाहिली आणि म्हणाले, आचऱ्याचा लवू बाबली पालव आमच्याकडे मयत आहे.

मयत होणे मला नवीन नाही. पंचेचाळीस सालच्या जानेवारीत मी लढाईत पडल्याची तार आमच्या घरी आली होती. आई आणि सुगंधा, माझी बायको, यांनी माझ्या नावाने सगळे क्रियाकर्म करून घेतले, आणि मग महिन्याभराने इस्पितळातून माझे पत्र आले. आईने ती तार चुलीत घातली आणि त्याच जाळावर माझ्या नावाची खीर केली.

तेव्हा तू एवढे कर. तुझ्या पेटीतले पुस्तक काढून कुणाकडून वाचून घे. त्यात बहुधा माझा बाबली सापडेल. तुझा परशुराम माझ्याकडे सुखरूप आहे. दोघे रत्नागिरीला जाऊ आणि आपापले बाप परत घेऊ.

एक लिहायचे राहिले, आणि तेच खरे लिहायचे होते. त्या नदीच्या पलीकडल्या बांधावर माझा पाय फुटला, मी गळ्यापर्यंत भिजलेला, दात वाजत होते. तू मागच्या होडीतून कोरडा आला होतास. माझा ओला कोट उतरवून तू स्वतःच्या अंगात घातलास आणि तुझा मला घातलास. 'ह्यो घाल,' म्हणालास, 'कापत गेलंस तर डॉक्टराक वाटात, मालवणवालो घाबरलो.' मग मला स्ट्रेचरवाल्यांच्या हाती देऊन मागे फिरलास. तो कोट इस्पितळात कापून काढावा लागला, नाहीतर परत केला असता. आभार मानायला तेव्हा तोंड उघडत नव्हते. आज मानतो. मला आज दोन मुली आहेत, माडाची बाग आहे, सुंभ वळून चार जणांचे पोट चालते. हे सगळे त्या कोटाच्या ऊबेने झालेले आहे.

सवडीने उत्तर पाठव.

तुझा
लवू बाबली


आचरे
९ नोव्हेंबर १९५७

सौ. तुळसावहिनींना आचऱ्याच्या लवूचा नमस्कार.

तुमचे पत्र मिळाले. नवऱ्याच्या नावाचे पत्र फोडले म्हणून तुम्ही माफी मागता, ती मागू नका. माफी मी मागायला हवी. मी थट्टा करत लिहिले, आणि वाचले तुम्ही.

तुम्ही लिहिता, 'ज्यांच्या नावाचे पत्र आहे त्यांनी बेचाळीस सालच्या रजेनंतर या घराचा उंबरा पाहिलेला नाही. तुम्ही मित्र आहात तेव्हा ते कुठे आहेत हे तुम्हालाच ठाऊक असेल. भेटले तर एवढेच सांगा की त्यांची आई अजून आहे.'

हे मी सुगंधाला वाचून दाखवले. ती उठून बाहेर गेली आणि बराच वेळ विहिरीवर उभी राहिली.

वहिनी, तो कुठे आहे हे मला माहीत नाही. हे खरे आहे. मी त्याला त्या नदीवर शेवटचा पाहिला, चव्वेचाळीसच्या डिसेंबरात.

लढाई संपल्यावर तो आला नाही म्हणून सत्तेचाळीस साली तुमच्या भावाने लष्करात लिहून विचारले, आणि उत्तर आले की लवू परशुराम पालव पुण्याच्या इस्पितळातून बरा होऊन सुटला व घरी रवाना झाला. त्या एका ओळीवर गावाने काय काय रचले तेही तुम्ही लिहिलेत. आफ्रिका. दुसरी बायको. 'पुण्यापर्यंत इलो आणि घराकडे इलो नाय, म्हणजे बायलच नको झाली' असे तुमच्या तोंडावर म्हणणारी माणसे. हे सगळे ऐकत तुम्ही त्या घरात राहिलात आणि त्याच्या आईला सांभाळलेत.

त्या ओळीबद्दल मला काही विचारायचे आहे. पण तुम्हाला नाही, कचेरीत. तोवर मनात काही आणू नका, असे लिहितो आणि माझ्याच मनात काय काय येते आहे. म्हणून त्याविषयी आज अधिक लिहीत नाही.

दुसरे लिहितो, ज्याची मला खात्री आहे. लवूला पलटणीचे जेवण कधी गोड लागले नाही. म्हणायचा, आमच्या घरी तुळसा पेज वाढताना पळी मडक्यावर आपटते, तो आवाज ऐकल्याशिवाय भूक लागत नाही. कधी कधी मेसच्या रांगेत तो चमचा थाळीवर वाजवायचा आणि डोळे मिटून उभा राहायचा. आम्ही हसायचो. जहाजावर सगळे ओकत होते तेव्हा यानेच तुमच्या गावच्या कळसूत्री बाहुल्यांतल्या रावणाचा आवाज काढून आम्हाला हसवले होते. टाकून जाणाऱ्या माणसाने बायकोची पळी मनात धरून ठेवली असती काय, याचा मी रोज विचार करतो.

पाय सध्या जमिनीला टेकवत नाही. टेकवला की रत्नागिरीला जातो. त्याच्या आईला माझा नमस्कार सांगा. कोण लवू म्हणून विचारतील, तर पलटणीतला एवढेच सांगा.

आपला
लवू पालव


आचरे
२१ जानेवारी १९५८

तुळसावहिनींना नमस्कार.

नावामागे 'सौ.' लिहायला हात उचलला आणि थांबला. का थांबला ते पुढे लिहिले आहे. खाली बसा आणि मग वाचा. ही पत्राने सांगायची गोष्ट नव्हे. पाय धड असता तर येऊन सांगितली असती. मी आठवडाभर थांबत होतो. काल सुगंधा म्हणाली, 'तिणां तेरा वर्सां काढल्यान. आजून आठ दिस कित्याक? बस आणि लिव.'

मी रत्नागिरीला जाऊन आलो. राणे यांनी मधल्या काळात पलटणीच्या दप्तरातून दोन्ही लवू पालवांचे कागद मागवून घेतले होते. ते त्यांनी टेबलावर शेजारी शेजारी ठेवले आणि मला मराठीत वाचून दाखवले.

माझ्या कागदात लिहिले आहे की आचऱ्याचा लवू बाबली १९ डिसेंबर १९४४ रोजी नदीवरच्या लढाईत मारला गेला. त्याच्या कागदात लिहिले आहे की पिंगुळीचा लवू परशुराम त्याच दिवशी, त्याच जागी जखमी झाला, इस्पितळात गेला, पुण्याला आला आणि सुटला. जखम कुठली तेही आहे. डावा पाय, गुडघ्याखाली, आतल्या बाजूला.

राणे म्हणाले, 'लेंगा वर करा.' मी केला. त्यांनी पाहिले, मग चष्मा काढून ठेवला.

वहिनी, शिपायाचे पेबुक म्हणून एक लहान पुस्तक असते. नाव, नंबर, बापाचे नाव, गाव, सगळे त्यात. आम्ही ते कोटाच्या आतल्या खिशात ठेवायचो. त्याने मला कोट घातला तेव्हा त्याचे पेबुक माझ्याकडे आले आणि माझे त्याच्याकडे गेले. माझ्या गळ्यातला नाव-नंबराचा बिल्ला नदीतच दोरा तुटून गेला होता. मी बेशुद्ध. इस्पितळात कोटातले पुस्तक पाहून त्यांनी मला लवू पालव म्हटले, आणि शुद्धीवर आल्यावर मी त्या नावाला ओ दिली. ते माझेच नाव होते. दुसरे कुठले नाव असते तर पहिल्याच दिवशी उलगडा झाला असता.

बांधावर तोफेचा गोळा पडला होता. तिथे त्यांना जो सापडला त्याच्या अंगात माझा ओला कोट होता. त्याच्या बिल्ल्याचे काय झाले ते मला विचारू नका.

आमच्या घरी आलेली तार चुकीची नव्हती. चुकीच्या घरी आली होती. आमच्याकडे सगळ्यांना वाटले, लढाईत असा गोंधळ होतच असतो. जी तार माझी नाही ती दुसऱ्या कुणाची तरी असेल, हे आम्हा कुणाच्या डोक्यातच आले नाही.

पुण्याहून सुटून घरी रवाना झाला तो मी. त्या कारकुनाने 'सुटला, घरी गेला' म्हणून मला सांगितले तोही मीच. तुमचा लवू त्या नदीवरून कुठेच गेला नाही. आफ्रिकेला नाही, मुंबईला नाही, दुसऱ्या कुठल्या बाईकडे नाही.

आता कचेरीचे. राणे म्हणतात, कागद दुरुस्त व्हायला त्याच्या बायकोने किंवा आईने समक्ष येऊन साहेबापुढे सांगावे लागेल की पुण्याहून सुटलेला हा इसम आमचा नव्हे आणि आमचा माणूस कधी घरी आला नाही. तसे झाले की मी कागदावर जिवंत होईन, पुण्याला पाय दाखवता येईल. आणि तुम्ही कागदावर काय व्हाल ते मला लिहवत नाही.

म्हणून मी काही मागत नाही. तुम्हाला यावेसे वाटले तर या. नाही वाटले तर मी समजेन. त्याने दिलेल्या तेरा वर्षांवर मी आणखी काही मागितले तर तो हावरेपणा होईल.

आपला
लवू बाबली पालव


आचरे
१८ मार्च १९५८

तुळसावहिनींना नमस्कार.

परवा आम्ही कसालला बस बदलून सुखरूप घरी पोचलो. तुम्ही दिलेले काजूगर सुगंधाने मुलींना वाटले. आल्यापासून ती तुमच्याबद्दलच बोलते आहे.

हे पत्र मात्र दुसऱ्याच कारणासाठी आहे. तुम्ही एकटीने वाचा आणि मग काय करायचे ते ठरवा.

माझ्या मागच्या पत्राला तुम्ही दोनच ओळींचे उत्तर पाठवले होते. पहिली, 'मला टाकले नव्हते. हे सांगितलेत, तुमचे उपकार आहेत.' दुसरी, 'या, पण सासूबाईंना यातले काही कळू देऊ नका, मुलगा कुठेतरी सुखात आहे यावर त्या जगतात.' मी शब्द दिला आणि त्या शब्दावर तुमच्याकडे आलो.

दुपारी तुम्ही सुगंधाला काजूची बाग दाखवायला नेलेत. मी पायामुळे पडवीत बसलो होतो. तुमच्या सासूबाई, आनंदीआये, आतून आल्या, माझ्यासमोर बसल्या आणि सुपारी कातरत विचारले,

'तू तेच्या पलटणीतलो मा?'

'होय, आये.'

'मगे सांग. तो मेलो मा?'

मी तुम्हाला दिलेला शब्द पाळला, वहिनी. खाली बघत राहिलो.

त्या म्हणाल्या, 'बोलू नको. तुझ्या तोंडावर दिसता. माका कधीच कळला. माझो झिल जितो असतो तर माका भेटल्याशिवाय रवलो नसतो. लोकांनी आफ्रिका म्हटला, मी होय म्हटलंय.' मग आवाज उतरवून म्हणाल्या, 'पण तुळसाक सांगा नको. ती कुंकू लावता. तिका तेवढोच आधार आसा.'

दोघी एकाच चुलीपाशी बसता, आणि दोघींनी मला एकच शपथ घातलीत.

मग त्यांनी विचारले, कसा गेला. मी कोटाचे सांगितले. त्यांनी मध्येच थांबवले.

'थंडी होती?'

'होती, आये. बर्फ पडलेलो.'

'तेका हिंव सोसा नाय. बारको असताना चुलीकडसून उठा नाय,' त्या म्हणाल्या. 'आणि कोट तुका दिल्यान?'

'दिल्यान.'

अडकित्ता हातात तसाच राहिला. त्या रडल्या नाहीत. मला वाटले आता या मला उठून जा म्हणतील, आणि तसे म्हटले असते तरी मी उठलो असतो. त्यांनी हात पुढे करून माझ्या सुजलेल्या गुडघ्यावर ठेवला. 'ह्यो पाय बरो करून घे,' म्हणाल्या. 'तेणां राखल्यान तो पाय. वाया जावक देव नको.'

तेवढ्यात तुम्ही दोघी परत आलात. आये उठून आत गेल्या आणि तुम्हाला म्हणाल्या, चाय ठेव, पाव्हण्याची बस चुकतली.

दोघींना दिलेला शब्द मी आज मोडतो आहे. माझ्या आयुष्यात मी एवढा उपरा आणि एवढा घरचा कधी कुठे नव्हतो. आता तुम्ही दोघींनी एकमेकींना सांगून टाका. आयेंना एकट्याने खूप वर्षे झाली, आणि तुम्हालाही.

आपला
लवू


आचरे
३० मे १९५८

तुळसावहिनींना आणि आनंदीआयेंना नमस्कार.

सुगंधा आणि मी रत्नागिरीहून परतलो आणि लगेच लिहायला बसलो. त्या उन्हात, त्या रस्त्याने, आये या वयात बसमध्ये बसून आल्या. तुमचे आभार कसे मानू ते सुचेना, म्हणून मुलींना सगळे पहिल्यापासून सांगितले. सांगताना जे आठवले ते लिहितो.

साहेबांनी नियमाप्रमाणे विचारले, 'हा समोर उभा असलेला इसम तुमचा नवरा लवू परशुराम पालव आहे काय?' तुम्ही मान वर करून शुद्ध मराठीत म्हणालात, 'नाही. माझे यजमान लढाईत वारले. हे त्यांचे मित्र.' तुमच्या घरात मी जेवलो, पण मित्र हा शब्द तुमच्या तोंडून मी कचेरीतच पहिल्यांदा ऐकला, आणि तोही सरकारी कागदावर.

मग आये. साहेबांनी जबानी लिहून घेतली आणि अंगठ्याची शाई पुढे केली, तर त्या म्हणाल्या, 'आधी वाचून दाखव.' साहेबांनी वाचले.

'तो पळलो नाय, घर सोडल्यान नाय, ता खंय आसा?'

साहेब म्हणाले, 'आजी, त्याला या कागदात जागा नाही.'

'मगे माझो अंगठोय नाय.'

साहेब वैतागले होते. राणे यांनी जवळ येऊन हळूच म्हटले, खाली शेरा लिहिता येतो, मी लिहितो. आणि त्यांनी लिहिले की सदर शिपाई पलटण अगर घर सोडून कोठेही गेला नसून कामगिरीवर असताना मयत झाला. ते दोनदा वाचून घेतले तेव्हा आयेंनी अंगठा उठवला. बाहेर आल्यावर राणे मला म्हणाले, इतकी वर्षे नोकरी केली, पण असा शेरा कधी लिहिला नव्हता, आज हाताला बरे वाटले.

तुमच्या कपाळाकडे बघायचे मला धाडस होत नव्हते. सुगंधाने नंतर सांगितले की कुंकू तुम्ही घरूनच उतरवून आला होता आणि हातात काकणे मात्र होती. बायका फोडायला आल्या तेव्हा आये आडव्या पडल्या म्हणे. 'तेरा वर्सां हिणां सोसल्यान ता काय कमी? काकणां रवतली.' सुगंधा हे शेजारणींना सांगत सुटली आहे.

आणि वाडीतली माणसे तुमच्याकडे येऊन बसली, कोणी नारळ ठेवून गेले, कोणी काहीच न बोलता उठून गेले, असे तुम्ही रत्नागिरीला सांगितलेत. ज्याने तुमच्या तोंडावर ते बोल लावले होते तोही आला आणि गुरांना पेंढा घालून गेला. त्याला तुम्ही चहा दिलात. मी दिला नसता. पण त्या घराची रीत माझ्याहून मोठी आहे, हे मी कोटावरूनच ओळखायला हवे होते.

कागद आता वर गेले आहेत. निकाल आला की कळवतो.

आपला
लवू बाबली


लष्करी इस्पितळ, पुणे
१४ फेब्रुवारी १९५९

तुळसावहिनींना नमस्कार. आयेंना साष्टांग.

पाय राहिला. परवा टाके काढले. डॉक्टरांनी तुकडा बाहेर काढून मला बशीत दाखवला, काजूच्या बीएवढा होता. आज दोन काठ्या घेऊन व्हरांड्याच्या टोकापर्यंत चाललो. पुढे एक काठी राहील म्हणतात. ती राहिली तरी हरकत नाही. आयेंना हे पहिल्यांदा सांगा, मग बाकीचे पत्र वाचा.

नवे पुस्तक मिळाले. त्यात बाबली आहे, आचरे आहे. इथल्या कारकुनाने नाव पुकारले, 'लवू बाबली पालव', आणि मला क्षणभर समजेना की हा मीच. लवूचे कागदही दुरुस्त झाले. त्याची पदके तुमच्या नावे पिंगुळीला येतील. पोस्टात सही तुम्हीच करा, दुसऱ्या कुणाला करू देऊ नका. तुमच्या निवृत्तिवेतनाचे राणे पाहत आहेत. ते स्वतः होऊन पाहतात, मी सांगितलेले नाही.

इथे मला पुष्कळ वेळ आहे. खाटेवर पडून मी माणसे मोजत नाही, पण एकेकाचे नाव मनात येते. तुम्ही, आये, सुगंधा, राणे, तो शेरा लिहू देणारा वैतागलेला साहेबसुद्धा. एवढ्या माणसांनी मिळून एक पाय वाचवला. आणि सगळ्यांच्या आधी तो.

आता एक काम आहे. त्या देशात, नदीपासून जवळच, आपल्या शिपायांसाठी जागा राखली आहे. तिथे त्याची शिळा आहे. आजवर तिच्यावर माझा नंबर होता. तो बदलून त्याचा घालणार आहेत. नाव तेच असल्यामुळे तसेच राहील. तिथे एक पुस्तकही ठेवलेले असते, येणाऱ्याने उघडून कोण कुठला होता ते वाचावे म्हणून. त्यातली जुनी नोंद काढून नवी छापायची आहे आणि छापण्याआधी घरच्यांकडून तपासून घेतात. कागद जुन्या नोंदीमुळे माझ्या पत्त्यावर आला, सुगंधाने इकडे पाठवला. इथल्या डॉक्टरीणबाईंनी मला मराठीत सांगितला. मी तो दोन वेळा लिहून घेतला, एक तुमच्यासाठी आणि एक माझ्यासाठी.

त्या देशात पिंगुळी कुणाला ठाऊक नाही. वाचणारा कुठेतरी अडखळेल, पण वाचेल.

खाली जसेच्या तसे उतरवतो. आयेंना मोठ्याने वाचून दाखवा. दोघींनी नीट पाहा, आणि एक अक्षर जरी चुकले असेल तरी मला लगेच कळवा.

आपला
लवू बाबली पालव

'शिपाई लवू पालव. १९ डिसेंबर १९४४ रोजी मयत. परशुराम व आनंदी यांचा मुलगा. तुळसा हिचा पती. राहणार पिंगुळी, जिल्हा रत्नागिरी, हिंदुस्थान.'